गाडीवर भगवा, डोंगरात वणवा

फाल्गुन उतरणीला लागला की कराड-चिपळूण रस्त्यावरील वाहनांची वर्दळ एकाएकी वाढते. होळीची सुट्टी, तिला जोडून येणारा शनिवार-रविवार, तिथीनुसार साजरी होणारी शिवजयंती, मग गुढीपाडवा, रामनवमी आणि परीक्षा आटोपून मोकळी झालेली मुले. पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सांगलीहून मोटारी निघतात, पाटण मागे टाकतात आणि कोयनेच्या खोऱ्यात शिरतात. या दिवसांत हे खोरे खरोखरच पाहण्यासारखे असते. पळस, पांगारा आणि सावर पाने झडलेल्या फांद्यांवर तांबडी-केशरी फुले घेऊन उभे असतात. दाट रानात अंजनीच्या फांद्या निळसर-जांभळ्या फुलांनी गच्च भरतात. करवंदीच्या जाळ्यांना सुगंधी पांढरा बहर येतो. शिवसागर जलाशयाचे पाणी हळूहळू उतरू लागलेले असते. अशा वेळी शहरातील कुटुंबाला घराबाहेर पडावेसे वाटले, तर त्यात वावगे काहीच नाही. चार भिंती आणि हातातला मोबाइल सोडून मुले डोंगर चढत असतील, तर ते स्वागतार्हच आहे.

प्रश्न आहे तो या मोटारी डोंगरात काय घेऊन येतात आणि काय ठेवून जातात याचा. तो अधिक टोचतो, कारण यांतील पुष्कळ गाड्यांच्या मागच्या काचेवर शिवछत्रपतींचे चित्र असते, बॉनेटवर भगवा फडकत असतो आणि गाडी थांबताच पहिली गर्जना महाराजांच्या नावाची होते. चंगळवाद म्हणजे पाश्चात्त्यांकडून आलेली रोगराई, असे म्हणण्याची सवय गेल्या काही दशकांत समाजाला लागली आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु कोयनेच्या काठावर मध्यरात्री मद्याची बाटली दगडावर फोडणारा, शेकोटीभोवती ध्वनिवर्धक लावून नाचणारा आणि पहाटे ती शेकोटी न विझवताच गाडीत बसणारा तरुण परदेशातून आलेला नसतो. तो देव-देश-धर्माचे नाव घेणाऱ्या घरांतलाच असतो. त्याला दुसऱ्या कोणाच्या पदरात टाकून मोकळे होता येणार नाही.

शेकोटीचे एवढे काय, असे विचारणारे भेटतात. त्यांनी या डोंगरांची वसंतातली अवस्था नीट पाहावी. माघ संपता संपता सड्यांवरचे गवत वाळून कोळ होते. दुपार कलली की कोकणातून घाट चढून येणारा वारा जोर धरतो. उतारावर आग लागली म्हणजे तिच्या ज्वाळा वरच्या बाजूच्या गवताला आधीच तापवून सुकवतात, त्यामुळे आग चढावर धावते आणि माणसाला तिच्यापुढे पळणे अवघड होते. एक न विझलेली आगटी, एक फेकलेले विडीचे थोटूक एवढे पुरते. सकाळी खालून पाहणाऱ्याला डोंगराच्या अंगावर काळा पट्टा दिसतो. पुढच्या पावसात तिथे पुन्हा हिरवे गवत उगवते आणि पाहणारा म्हणतो, काही बिघडले नाही!

बिघडते ते डोळ्यांना न दिसणारे. वसंत हा माणसाच्या सहलींचा हंगाम आहे, त्याहून अधिक तो रानाच्या बाळंतपणाचा हंगाम आहे. रानकोंबडी, चंडोल, टिटवी हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. त्यांना उडून जाता येते, अंड्यांना येत नाही. धनेश पक्ष्याची मादी याच महिन्यांत झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. एक बारीक फट तेवढी राहते. पिले वाढेपर्यंत नर त्या फटीतून तिला फळे भरवत असतो. त्या झाडाखाली आग पोहोचली, किंवा रात्रभराच्या गोंगाटाने नर बुजला, तर आत काय घडते याची कल्पना सुजाण वाचकाने करावी. आंबा, हिरडा, जांभूळ, अंजनी यांची नुकती वीतभर वाढलेली रोपे पहिल्या झपाट्यात जातात. वर्षानुवर्षांच्या पालापाचोळ्याने तयार झालेला मातीचा मऊ थर जळतो आणि मृगाच्या पहिल्या सरी उघड्या पडलेल्या मातीला घेऊन ओढ्याओढ्यांनी थेट जलाशयात उतरतात. महाराष्ट्राला सुमारे १,९६० मेगावॉट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प देणाऱ्या, सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी साठवणाऱ्या या धरणाच्या पोटात अशा रीतीने दर वर्षी डोंगरच थोडाथोडा भरला जातो.

वणवे केवळ सहलीला येणारेच लावतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नवे गवत जोमाने फुटते या समजुतीने स्थानिक शेतकरी आणि गुराखीही डोंगर पेटवतात. शिकारीसाठी आग लावणारेही आहेत. परंतु गावकऱ्याच्या चुकीमागे निदान पोटाचा आणि गुराढोरांचा विचार असतो. त्याला समजावता येते, आणि अनेक गावांनी ते समजून घेऊन आग विझवायला स्वतः धाव घेतली आहे. शिकलेल्या, पगारदार, इतरांना संस्कार शिकवणाऱ्या वर्गाच्या चुकीमागे कोणता विचार असतो? दोन तासांची मौज, दुसरे काही नाही.

येथे एका पत्राचे स्मरण करणे अपरिहार्य आहे. कोयनानगराहून कुंभार्ली घाट उतरले की चिपळूण लागते. राज्याभिषेकाच्या आगेमागे त्या चिपळुणाजवळ शिवछत्रपतींच्या फौजेचा तळ पडला होता. तेथील अंमलदारांना महाराजांनी पाठवलेले पत्र मराठी इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. रयतेला काडीचाही उपद्रव होऊ नये, दाणा-वैरण, लाकूडफाटा, भाजीपाला हवा असेल तर तो बाजारातून विकत घ्यावा, नाहीतर लोकांना मोगल बरे वाटू लागतील, हा त्यातला भाग व्याख्यानांतून वारंवार सांगितला जातो. त्याच पत्राचा दुसरा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. तो आगीविषयी आहे. उन्हाळ्याचे दिवस आहेत, गवत साठवलेले आहे; कोणी स्वयंपाक करील, कोणी भलत्या जागी आगट्या पेटवील, कोणी तमाखू ओढायला विस्तव नेईल, वारा सुटेल आणि गवत पेट घेईल, अशी चिंता महाराज करतात. रात्री जळता ठेवलेल्या दिव्याची वात उंदीर पळवून नेईल, इथपर्यंत त्यांचे लक्ष गेलेले आहे. स्वराज्याचा धनी, ज्याच्यापुढे मोगल, आदिलशाही आणि सिद्दी यांची आव्हाने उभी होती, तो चिपळूणच्या तळावरील उंदराचा विचार करत होता!

आज ज्याला ‘कॅम्पफायर’ म्हणून भाडे आकारले जाते, ती ही आगटीच. महाराजांनी जी गोष्ट आपल्या सैनिकांना करू दिली नाही, ती त्याच डोंगराच्या माथ्यावर, त्यांच्या नावाचा जयघोष करणारे, त्यांच्या जयंतीच्या रात्री करतात. फाल्गुन वद्य तृतीयेला गडावरून शिवज्योत घेऊन गावाकडे धावत जाण्याची प्रथा सुंदर आहे. तरुणांच्या पायांना आणि छातीला ती बळ देते. मैलोगणती अनवाणी धावणारी मुले पाहिली की कोणाचाही ऊर भरून येईल. मात्र आता अनेक ठिकाणी ज्योतीमागे टेम्पो, टेम्पोत ध्वनिवर्धकांची भिंत, मागे पुंगळी काढलेल्या मोटारसायकली, आणि वाळल्या गवतातून मशाल नाचवत चाललेली मिरवणूक असे दृश्य दिसते. मशालीतून ठिबकणारे तेल आणि ठिणग्या कुठे पडतात हे पाहायला त्या मिरवणुकीत कोणीही नेमलेला नसतो. एका तरुणाच्या हाती पाण्याचा डबा आणि दुसऱ्याच्या हाती ओल्या फांदीचा झोडपा दिला, तरी काम भागेल. पण ते काम छायाचित्रात येत नाही.

गडांवरील कचऱ्याविषयी तर बोलायचीही लाज वाटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांच्या व्यवस्थेचे जे प्रकरण आहे, त्यात गडावरील वाटांवर, बाजारात, तटाच्या कडेने केरकचरा पडू देऊ नये, तो गडाखाली लोटू नये, जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि त्यावर भाजीपाला करावा, असा उपदेश आहे. गडावर असलेली झाडे राखावीत, आंबा-फणसासारखी फळझाडे मालकाच्या संमतीवाचून तोडू नयेत, कारण ती लेकरासारखी वाढवलेली असतात, असाही विचार त्या ग्रंथात आढळतो. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिला गेलेला हा राज्यव्यवहाराचा ग्रंथ. गडकोटांच्या रक्षणाची शपथ घेणाऱ्या किती तरुण मंडळांनी तो उघडून पाहिला असेल? आज केर जाळा असे कोणी म्हणणार नाही, कारण आजचा केर प्लॅस्टिकचा आहे आणि गडावर किल्लेदार नाही. तो खाली आणणे एवढेच शक्य आहे, आणि तेवढेही होत नाही.

ते होऊ शकते याचा पुरावा याच खोऱ्यात आहे. वासोट्याला, म्हणजेच व्याघ्रगडाला जाणाऱ्याला बामणोलीहून नावेने सुमारे दीड तास जलाशय ओलांडावा लागतो, वनखात्याची परवानगी काढावी लागते, मेट इंदवलीला सामानाची तपासणी होते, प्लॅस्टिकच्या वस्तू मोजल्या जातात आणि परतताना त्या दाखवाव्या लागतात. मुक्कामाला मनाई आहे. पहिल्यांदा जाणारा या सगळ्याला कंटाळतो, कुरकुरतो. मग दाट रानातून वर चढतो, बाबूकड्यापुढे उभा राहतो आणि गप्प होतो. गडही तसाच आहे. शिवछत्रपतींनी तो १६६० मध्ये घेतला. राजापूरच्या वखारीतील इंग्रज पुढच्याच वर्षी कैदी म्हणून येथे आले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ताई तेलिणीने पेशव्यांच्या सेनापतीशी, बापू गोखल्यांशी, हा गड महिनोन्महिने झुंजवला. १८१८ च्या वसंतात इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून त्याच्यावर मारा केला आणि गड पडला. ज्या गडावर इतके घडले, तेथे जाणाऱ्याची पिशवी कोणी तपासली तर त्याने अपमान वाटून घ्यावा की अभिमान? कठोर नियम असलेला वासोटा त्यामानाने स्वच्छ आहे. नियम नसलेले धबधबे, सडे आणि घाटातली वळणे उकिरडे झाली आहेत. शिस्तीचे महत्त्व सांगणाऱ्या समाजाला याहून वेगळा दाखला कशाला हवा?

आता त्या माणसांकडे वळावे, ज्यांच्या अंगणातून या मोटारी जातात. कोयनेचे धरण उभारताना, गेल्या शतकाच्या पन्नास-साठच्या दशकांत, या खोऱ्यातली सुमारे शंभर गावे विस्थापित झाली. माणसे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा दूरदूरच्या मुलखांत गेली. राज्याला वीज मिळाली, त्यांना जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या खेटे मिळाले. २०१८ साली, म्हणजे धरणानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, त्यांच्या वारसांना कोयनानगरात ठिय्या देऊन बसावे लागले होते. धरण भरल्यावर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. पुढे १९८५ मध्ये कोयना अभयारण्य आले, २०१० मध्ये चांदोलीसह सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत कोयनेचा समावेश झाला. प्रत्येक टप्प्यावर राष्ट्रहिताचे कारण होते आणि ते कारण खरेही होते. पण प्रत्येक टप्प्यावर मागे सरकला तो इथला कुणबी आणि गवळी-धनगर. या माणसाने देशासाठी जे सोडले, त्याची जाणीव शहरातून येणाऱ्या किती जणांना असते? ज्या पाण्यावर नौकाविहाराची छायाचित्रे काढली जातात, त्या पाण्याखाली कोणाचे तरी घर, खळे आणि देवाची घुमटी आहे. आणि एप्रिल-मे महिन्यांत याच महाकाय जलाशयाच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या वाड्या पाण्याच्या टँकरची वाट पाहत असतात.

याच माणसाचीही एक वसंतातली सहल असते. तिला सहल म्हणत नाहीत एवढेच. पाटण आणि जावळी या तालुक्यांतले हजारो पुरुष मुंबईत ओझी वाहून जगले. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचेच. चैत्र-वैशाखात गावच्या दैवताची यात्रा आली की हा कामगार रजा टाकतो, एस्टीत बसतो किंवा भावकीने मिळून जीपगाडी ठरवतो आणि रात्रभर प्रवास करून गावी पोहोचतो. पालखीला खांदा देतो, छबिन्यात नाचतो, पुरणपोळी आणि गावजेवण होते, बहीण-भाऊ वर्षातून एकदा भेटतात. महाशिवरात्रीला कोकणच्या बाजूने, खेड तालुक्यातल्या चोरवण्याहून, भाविक खडा डोंगर चढून नागेश्वराच्या गुहेत दर्शनाला येतात. त्यांच्या पायांत महागडे बूट नसतात आणि पाठीवर परदेशी बनावटीच्या पिशव्या नसतात. पण कोणता ओढा कधी आटतो, कोणत्या वाटेवर गवा उतरतो, हे त्यांना माहीत असते. गिर्यारोहणाचे तंत्र शिकावे जरूर. पण डोंगरात जाण्याची रीत या मातीत आधीपासून होती, ती कोणा क्लबाने आणून दिलेली नाही.

या मुद्द्यावर तथाकथित पर्यावरणवाद्यांची एक तक्रार ठरलेली असते. यात्रांनी जंगले घाण होतात, देवाच्या नावावर सगळे खपवले जाते, असे ते म्हणतात. ही तक्रार सरसकट फेटाळून लावणे सोपे आहे, आणि चुकीचे आहे. यात्रांमध्येही आता प्लॅस्टिकच्या पत्रावळी, पाण्याचे पाऊच, गुटख्याच्या पुड्या आल्या आहेत. देवराईत जेथे फांदी मोडायलाही मनाई होती, तेथे सिमेंटचा सभामंडप बांधण्यासाठी झाडे पडतात. याला श्रद्धा म्हणता येणार नाही. देवराईची परंपरा हिंदू समाजाने हजारो वर्षे राखली, म्हणून अभिमान मिरवायचा आणि त्याच देवराईत जेसीबी घालायचा, हे दोन्ही एकदम कसे चालेल? मात्र या तक्रारकर्त्यांचा उपाय मान्य करता येत नाही. माणसालाच बाहेर काढा म्हणजे रान वाचेल, हा विचार परका आहे. रान राखले ते देवराईच्या भीतीने आणि भक्तीने. ती भक्ती मेली, तर कुंपणाने काय वाचणार?

दुसऱ्या टोकाला विकासवाद्यांचा युक्तिवाद आहे. पर्यटन वाढले म्हणजे रोजगार वाढेल, रोजगार वाढला म्हणजे मुंबईला जाणारा तरुण गावातच थांबेल. हा युक्तिवाद ऐकून घेण्यासारखा आहे, कारण डोंगरातल्या माणसाला काम हवे आहे, उपदेश नको. २०१९ मध्ये नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्पाची जबाबदारी राज्य रस्ते विकास महामंडळाकडे देण्यात आली आणि सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांतील २३५ गावांचा आराखडा तयार झाला. २०२४ मध्ये शिवसागराच्या काठी मुनावळे येथे जलक्रीडा केंद्र सुरू झाले. दुसरीकडे पश्चिम घाटाच्या परिसंवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे २०१४ ते २०२४ या काळात एकामागून एक सहा मसुदे निघाले. एकाच डोंगराला एका हाताने जपायचे आणि दुसऱ्या हाताने विकायला काढायचे, असा हा प्रकार होऊ नये. जुन्या महाबळेश्वराची काय गत झाली, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. उन्हाळी सुट्टीत तेथे वाहनांच्या रांगांत तासन्‌तास अडकलेल्या कुटुंबांना विचारावे.

रोजगाराचा हिशेब प्रामाणिकपणे मांडून पाहावा. शहरातून निघालेली गाडी पेट्रोल शहरात भरते, खाण्यापिण्याचे पुडके महामार्गावरच्या दुकानातून घेते, मुक्काम करते तो बाहेरच्या धनिकाने गावकऱ्याची जमीन स्वस्तात घेऊन बांधलेल्या बंगल्यात. गावाच्या वाट्याला राहते ती भांडी घासण्याची नोकरी आणि ओढ्यात साचलेला कचरा. याउलट बामणोली-तापोळ्याकडे स्थानिक लोकांनी चालवलेल्या नावा आहेत. खोऱ्यात ठिकठिकाणी घरगुती मुक्काम आणि नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा देणारी कुटुंबे आहेत. वाट दाखवणारी पोरे आहेत. पैसा तेथे गेला, तर तो गावातच फिरतो. त्यासाठी दोनशे गावांचा आराखडा लागत नाही. येणाऱ्याला पाहुण्यासारखे वागता यावे लागते. डोंगर फोडून रस्ते आणि मजले चढवण्याआधी जुलै २०२१ आठवावा. त्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील मिरगाव, आंबेघर आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. त्याला कारण विक्रमी पाऊस होता, पर्यटन नव्हे. पण या उतारांची सहनशक्ती किती आहे, ते त्या रात्रीने दाखवून दिले.

रात्रीच्या मोटारींविषयीही बोलले पाहिजे. वसंतात रानातले पाणवठे आटतात आणि गवे, सांबरे, भेकरे पाण्यासाठी रात्री रस्ते ओलांडून खाली उतरतात. नेमक्या त्याच वेळी कुंभार्ली घाटात आणि कोयना-हेळवाक परिसरात प्रखर दिवे लावून जनावरे ‘दिसतात का’ पाहत फिरणाऱ्या गाड्या असतात. दिव्याच्या झोतात सापडलेले जनावर जागीच थिजते. त्याच्यापुढे गाडी रेटून मोबाइलवर चित्रण करणे हा शौर्याचा प्रकार समजला जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून एक वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणण्यात आली. शतकानुशतके ज्या डोंगरांत वाघ होता, ज्याच्या नावाने व्याघ्रगड ओळखला गेला, तेथे त्याचा वंश पुन्हा वाढावा म्हणून शासन, शास्त्रज्ञ आणि वनरक्षक झटत आहेत. त्या वाघिणीच्या वाट्याचे सांबर गाडीच्या धडकेने रस्त्यावर पडावे, याला काय म्हणावे? अभयारण्यात आग पेटवणे किंवा पेटती सोडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही किती जणांना ठाऊक असते? वनरक्षक मोजके, डोंगर अफाट. कायद्याच्या भरवशावर बसून हे थांबणारे नाही.

ज्या कुटुंबांना वसंतात मुलांना घेऊन निघायचे आहे, त्यांच्यासाठी या खोऱ्याच्या अंगाखांद्यावर उत्तम वाटा आहेत. समर्थ रामदासांनी १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभारले, ते पाटण तालुक्यातच. तेथला रामनवमीचा उत्सव वसंताचाच उत्सव आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात, दोन सांगलीत आणि दोन कोल्हापुरात आहेत. शहापूर, मसूर, चाफळचे दोन, शिंगणवाडी, उंब्रज, माजगाव, बहे, शिराळा, मनपाडळे आणि पारगाव अशी ही परिक्रमा गाडीने दोन दिवसांत सहज होते, आणि मुलांना कृष्णा-कोयनेचा सगळा प्रदेश पाहायला मिळतो. तेथून हेळवाकच्या घळीपर्यंत जावे. समर्थ अशा एकांतात का राहिले असतील, हा प्रश्न मुलांना तेथेच विचारावा. पाटणजवळचा दातेगड चढावा, दगडात कोरलेले गणपती आणि मारुती पाहावेत, तलवारीच्या आकाराची पायऱ्यांची विहीर पाहावी. संध्याकाळी गावातल्या एखाद्या घरी जेवावे आणि दिवे मालवून ओसरीवर बसावे. एवढा मोठा काळोख आणि एवढ्या चांदण्या शहरातल्या मुलांनी कधी पाहिलेल्या नसतात. ध्वनिवर्धक बंद असला तर रातव्याची टकटकही ऐकू येते. गप्पांना आगटी लागत नाही.

आणि ज्या मंडळांना गडांसाठी, डोंगरांसाठी खरोखर काही करायचे आहे, त्यांनी शिवजयंतीची वाट पाहू नये. सड्याच्या कडेने, रस्त्याला लागून आणि गडाच्या माचीभोवती वाळले गवत कापून, गोळा करून, मोकळा पट्टा काढावा लागतो. वनखाते त्याला जाळरेषा म्हणते. आग त्या पट्ट्याशी येऊन थांबते. या कामाला कोयते, फावडी आणि शंभर हात लागतात, छायाचित्रकार लागत नाही. वनक्षेत्रपालाला भेटून, ग्रामसभेला विचारून, गावच्या तरुणांबरोबर ते करायचे असते. एका रविवारी पन्नास तरुण आले, तर एका गडाची एक बाजू सुरक्षित होते. शहराच्या शाखांतून आणि गणेशोत्सव मंडळांतून एवढे हात निघणे अशक्य नाही. गवत वाळू लागते ते माघात, म्हणून जाळरेषांचे काम होळी पेटण्याच्या आधी संपलेले असावे लागते.